लोकानुनयाचा शिक्का : शहापूर–मुरबाड आणि वृत्तपत्रांची परिभाषा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मुंबईला इतके निकट आहेत की कसाऱ्याहून सुटणारी लोकल शहापूर तालुक्यातील खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद ही स्थानके घेत थेट महानगराच्या मध्यापर्यंत पोहोचते. तरीही राज्यकारभाराच्या भाषेत या तालुक्यांची गणना आदिवासीबहुल व मागास भागांत होते. १९८५ च्या अनुसूचित क्षेत्रविषयक आदेशानुसार शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचे विशेष संरक्षण लाभलेल्या प्रदेशात येतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमाती आणि त्यांच्या जोडीने राहणारे कुणबी व आगरी शेतकरी अशी येथील वस्ती असून, पावसाळी भात, डोंगरउतारावरची नाचणी व वरी, जंगलातील गौण उपज आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर यांवर तिची उपजीविका चालत आली आहे. अशा वस्तीसाठी सरकारने धान्य, कर्जमाफी किंवा रोख रक्कम जाहीर केली, की राजकीय वार्तांकनात आणि अग्रलेखांत त्या निर्णयाला ‘लोकानुनयी’ हे विशेषण बहुधा चिकटते. हे विशेषण प्रचारात येण्यापूर्वी कोणते शब्द तेच काम करीत होते, ते कोणत्या खर्चाला लागले आणि कोणत्या खर्चाला लागले नाही, आणि त्याच्या वापरामुळे या तालुक्यांच्या इतिहासातील कोणता भेद दृष्टीआड झाला, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

शब्दाचे दोन अर्थ

लोकानुनय म्हणजे राज्यकर्त्याने दूरच्या हिताचा विचार बाजूला सारून लोकांच्या तात्कालिक इच्छेला अनुकूल निर्णय घेणे, असा अर्थ मराठी वृत्तपत्रांत रूढ आहे. ‘सवंग घोषणा’, ‘खैरात’, ‘मतांची बेगमी’ आणि अलीकडे ‘रेवडी’ हे त्याचे बोलभाषेतील सोबती होत. राज्यशास्त्रात मात्र ज्याला लोकवाद किंवा लोकरंजनवाद म्हणतात त्याचा आशय याहून वेगळा आहे. नेदरलँड्सचे अभ्यासक कास मुडे यांनी २००४ मध्ये केलेली आणि पुढे सर्वाधिक वापरली गेलेली मांडणी अशी, की सज्जन जनता आणि भ्रष्ट अभिजन अशा दोन परस्परविरोधी गटांत समाजाची विभागणी करून, राजकारण म्हणजे केवळ जनतेच्या इच्छेचा आविष्कार असे मानणारी विचारपद्धती म्हणजे लोकवाद. या व्याख्येत सरकारी तिजोरीतून काय वाटले जाते याला फारसे स्थान नाही. एखादा पक्ष एक रुपयाही न वाटता लोकवादी ठरू शकतो आणि एखादे सरकार भरघोस वाटप करूनही लोकवादी ठरत नाही. मराठी वृत्तपत्रांनी युरोप–अमेरिकेतील राजकारणाविषयी लिहिताना हा दुसरा अर्थ स्वीकारला, परंतु राज्यातील राजकारणाविषयी लिहिताना पहिलाच अर्थ कायम ठेवला. त्यामुळे एकाच अंकात परदेशी नेत्याची भाषा आणि मुंबईतील अर्थसंकल्पातील अनुदान यांना एकच नाव मिळण्याचा प्रकार घडू लागला.

या शब्दाच्या पाश्चात्त्य इतिहासात एक गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उभारलेल्या पीपल्स पार्टीने १८९२ मध्ये ओमाहा येथील अधिवेशनात रेल्वे सरकारी मालकीची करावी, उत्पन्नाच्या प्रमाणात चढत जाणारा आयकर लावावा आणि सिनेट सदस्यांची निवड थेट मतदारांनी करावी अशा मागण्या केल्या, आणि ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव त्या पक्षाच्या अनुयायांनी अभिमानाने धारण केले. प्रतिपक्षाच्या वृत्तपत्रांनी त्यांची संभावना अडाणी व माथेफिरू म्हणून केली. परंतु १९१३ मध्ये आयकराला आणि सिनेटच्या थेट निवडणुकीला अमेरिकेच्या संविधानातच स्थान मिळाले. एखाद्या मागणीला समकालीन वृत्तपत्रांनी लावलेले विशेषण आणि त्या मागणीचे पुढील भवितव्य यांचा मेळ बसेलच असे नाही, ही गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातूनही दिसून येते.

राब, सारामाफी आणि चिथावणी

ठाण्यात वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. काशिनाथ विष्णू फडके यांनी १८६६ मध्ये सुरू केलेल्या ‘अरुणोदय’ पत्रामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी वृत्तपत्राचा पाया घातला गेला आणि पुढे ‘हिंदू पंच’सारखी पत्रेही तेथून निघू लागली. याच काळात जंगलविषयक कायद्यांनी जिल्ह्यातील रयतेची अडचण झाली. भाताचे रोप तयार करण्यासाठी शेताच्या तुकड्यावर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून ते भाजण्याची जी पद्धत कोकणात ‘राब’ या नावाने ओळखली जाते, तिला लागणारी डहाळी तोडणे १८७८ च्या वन अधिनियमानंतर अनेक ठिकाणी गुन्हा ठरू लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा ओघ वाढल्यामुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखात्याच्या बाजूने तेव्हा मांडला जाणारा युक्तिवाद असा होता, की अज्ञानी रयतेला स्वतःची तक्रार नसून शहरातील वकील व जमीनदार मंडळी तिला पुढे करीत आहेत. म्हणजे मागणीचा विचार करण्याऐवजी मागणी करविणाऱ्याच्या हेतूचा विचार करण्याची रीत तेव्हाच रुळली होती.

१८९६–९७ च्या दुष्काळात याच रीतीची पुनरावृत्ती झाली. दुष्काळ संहितेप्रमाणे, म्हणजे दुष्काळात सरकारने कोणती कामे काढावीत व साऱ्याची सूट केव्हा द्यावी याविषयीच्या सरकारच्याच नियमांप्रमाणे, रयतेचे जे हक्क होते त्यांची माहिती ‘केसरी’ने प्रसिद्ध केली आणि सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी ती माहिती सांगण्यासाठी ठाणे जिल्ह्यातही फिरले. सरकारच्या दृष्टीने ही चिथावणी होती आणि १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. टिळकांना ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणविण्यात आले आणि कालांतराने ते हिणविणे गौरवात रूपांतरित झाले, हे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सारामाफीची मागणी छापील नियमावर आधारलेली होती. परंतु तिचे वर्णन करणाऱ्यांनी नियमाची चर्चा टाळून पुढाऱ्याच्या लोकप्रियतेच्या हव्यासाची चर्चा केली.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण–कसारा मार्गावरील टिटवाळा येथे महाराष्ट्र राज्य किसान सभेची स्थापना परिषद भरली, आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव–डहाणू भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांच्या मुक्ततेसाठी लढा उभारला. या लढ्याचे केंद्र शहापूर–मुरबाडच्या उत्तरेला होते, तरी तेव्हा जिल्हा एकच असल्यामुळे त्याचे परिणाम सर्वत्र पोहोचले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले आणि लढ्याच्या वर्णनासाठी ‘दंगल’, ‘भडकावणे’, ‘बाहेरचे पुढारी’ ही शब्दावली वापरली गेली. लोकानुनय हा शब्द अद्याप प्रचारात नव्हता; परंतु खालच्या थरातून आलेली मागणी मूळची नसते, ती कोणीतरी स्वार्थासाठी निर्माण केलेली असते, हे त्या शब्दामागील गृहीतक पूर्णपणे तयार झाले होते.

हक्क म्हणून काम, उसनवार म्हणून धान्य

१९७० चे दशक या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. इंदिरा गांधींच्या १९७१ च्या ‘गरिबी हटाओ’ घोषणेपासून देशातील इंग्रजी वृत्तपत्रांत लोकवादाचे इंग्रजी नाव नियमितपणे दिसू लागले आणि तेथून ते मराठीत लोकानुनय या रूपाने उतरले. महाराष्ट्रात याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात केलेल्या प्रयोगातून निघालेल्या या योजनेचे १९७७ मध्ये अधिनियमात रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला १५ दिवसांच्या आत काम देण्याचे बंधन शासनावर घालणारा हा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी १९७५ पासून मुख्यतः शहरी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून थेट कापून घेतलेला पैसा खेड्यातील मजुराला देणारी ही व्यवस्था असूनही तिला लोकानुनयी म्हणण्याकडे वृत्तपत्रांचा कल फारसा नव्हता, याचे कारण तिच्यात मोबदल्यापोटी श्रम होते आणि दुष्काळाची आठवण ताजी होती. मुरबाड परिसरात श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटनांनी आणि जिल्ह्याच्या अन्य भागांत श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी कामाच्या मागणीचे अर्ज भरून घेणे, काम न निघाल्यास तहसील कचेरीवर मोर्चा नेणे आणि हजेरीपट तपासणे या मार्गांनी कायद्यातील शब्द व्यवहारात उतरविण्याचा प्रयत्न केला. २००५ मध्ये केंद्राने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याची प्रेरणा याच कायद्यात होती.

त्याच दशकातील दुसरा प्रवाह वेगळ्या स्वरूपाचा होता. पावसाळ्यात घरातील धान्य संपल्यावर सावकाराकडून खाण्यापुरते धान्य उसने आणावे आणि भात निघाल्यावर ते वाढीदिढीने फेडावे, या व्यवहाराला आदिवासी भागात ‘खावटी’ म्हणत. १९७५ च्या कर्जमुक्ती अध्यादेशाने व त्यानंतरच्या अधिनियमाने अल्पभूधारक, मजूर व कारागीर यांची सावकारी कर्जे रद्द झाली खरी, परंतु त्यामुळे सावकाराने हात आखडता घेतला आणि पावसाळ्यातील पोटाचा प्रश्न अधिक बिकट झाला. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९७८ पासून शासनाने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना सुरू केली, ज्यात काही भाग धान्याच्या व काही भाग रोख रकमेच्या रूपाने दिला जाई. वसुली अल्प असल्यामुळे ही कर्जे माफ करण्याचे निर्णय झाले आणि २०१३–१४ नंतर योजना थांबली. कोविडच्या साथीत २०२० मध्ये ती कर्जाऐवजी अनुदान म्हणून, कुटुंबास २,००० रुपये खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू या स्वरूपात, एका वर्षासाठी पुन्हा अवतरली. रोजगार हमी हा कायदा होता, खावटी हा शासननिर्णय होता. पहिल्याची मागणी करता येत होती, दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेतील कुटुंबाला हा भेद प्रत्येक आषाढात अनुभवास येत असे, परंतु राजकीय वार्तांकनाच्या शब्दसंग्रहात त्याला नाव नव्हते.

झुणका-भाकर ते कर्जमाफी

लोकानुनय हा शब्द मराठी वार्तांकनात स्थिर झाला तो १९८० नंतर. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये विस्तारलेली शाळकरी मुलांच्या माध्यान्ह भोजनाची योजना आणि आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दिलेला दोन रुपये किलो तांदूळ ही या शब्दाची ठळक उदाहरणे म्हणून मांडली गेली. माध्यान्ह भोजनाचे पुढे राष्ट्रीय योजनेत आणि स्वस्त धान्याचे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रूपांतर झाल्यावर मात्र त्यांच्यापुढील विशेषण आपोआप गळून पडले.

महाराष्ट्रात १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना–भाजप युतीने दिलेले एक रुपयात झुणका-भाकरीचे आणि झोपडपट्टीतील ४० लाख लोकांना मोफत घरांचे आश्वासन हा या शब्दाचा घरचा वस्तुपाठ ठरला. झुणका-भाकर केंद्रे १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००० मध्ये अनुदान बंद झाले. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली आणि निवडणुकीनंतर विलासराव देशमुख सरकारने २००५ मध्ये ती मागे घेतली. या दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांची टीका फलद्रूप झाली असे मानले गेले, कारण तिजोरीला न पेलणारी घोषणा टिकत नाही हे सिद्ध झाले. परंतु या टीकेत ‘शेतकरी’ हा एकसंध वर्ग म्हणून येत असे. मोफत वीज म्हणजे मुख्यतः विजेच्या पंपाने विहिरीचे वा नदीचे पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याचा लाभ. पावसाच्या भरवशावर एकच भातपीक घेणाऱ्या शहापूर–मुरबाडमधील शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडणार होते, हा प्रश्न घोषणा करणाऱ्याने विचारला नाही आणि तिला लोकानुनयी म्हणणाऱ्यानेही विचारला नाही.

कर्जमाफीच्या बाबतीतही हेच घडले. केंद्राची २००८ ची सुमारे ६०,००० कोटी रुपयांची म्हणून जाहीर झालेली कर्जमाफी आणि राज्याची २०१७ मधील ३४,०२२ कोटी रुपयांची म्हणून जाहीर झालेली कर्जमाफी यांवर वृत्तपत्रांत विपुल लेखन झाले आणि पतशिस्त, म्हणजे घेतलेले कर्ज फेडण्याची सवय, बिघडते हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. हा आक्षेप अर्थशास्त्रदृष्ट्या गंभीर आहे. तथापि, कर्जमाफी ज्यांना बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज मिळते त्यांनाच लाभते, आणि सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय पीककर्ज मिळणे कठीण असते. डोंगरावरील दळी जमिनी, म्हणजे वनखात्याच्या हद्दीतील पिढ्यान्‌पिढ्या कसलेले तुकडे, कसणारा ठाकूर किंवा कातकरी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचा निकाल लागेपर्यंत सरकारी कागदावर शेतकरीच नव्हता. एकंदर कृषिसमाजावर उधळपट्टीचा शिक्का बसत असताना त्या समाजातील सर्वांत तळाचा थर उधळपट्टीच्या कक्षेबाहेर उभा होता.

ज्या खर्चाला विशेषण लागले नाही

विशेषणाचा इतिहास लिहिताना ते कोठे लागले यासोबत ते कोठे लागले नाही हेही नोंदविणे आवश्यक ठरते. मुंबईचा पाणीपुरवठा हे त्याचे शहापूरमधील ठळक उदाहरण होय. तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाला. वैतरणेवरील, अभियंता नानासाहेब मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडकसागर १९५७ मध्ये. त्यानंतर १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी सुमारे निम्मा साठा एकट्या भातसा धरणात आहे. हे पाणी महानगरात घरगुती वापरासाठी प्रति हजार लिटर काही रुपये इतक्या अल्प दराने मिळते, आणि याच जलाशयांच्या भोवतालच्या कसारा–खर्डी परिसरातील गावे व पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहापूरची तहान भागविण्यासाठी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. विस्थापितांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या जलाशयातून महानगराला मिळणारे स्वस्त पाणी हे अनुदानच आहे. परंतु त्याची गणना नागरी सुविधेत होते आणि टंचाईग्रस्त पाड्यासाठीचा टँकर मात्र ‘टंचाई आराखड्या’वरील खर्च म्हणून मोजला जातो.

शहरी मतदाराला दिलेल्या सवलतींच्या वार्तांकनातही असाच फरक आढळतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला आणि १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांची टोलमाफी जाहीर झाली. या निर्णयांवर निवडणुकीचा डाव म्हणून टीका अवश्य झाली, परंतु बातमीच्या मथळ्यात अशा प्रसंगी ‘दिलासा’ हा शब्द सहज येतो. कल्याण–मुरबाड रेल्वेमार्गाचे आश्वासन, जे मुरबाडकरांनी अनेक निवडणुकांच्या प्रचारात ऐकले आहे, त्याचे वर्गीकरण ‘विकास’ या सदरात होते, आणि शहापूर तालुक्यातून जाणारा, इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही त्याच सदरात मोडतो.

या वर्गीकरणामागे तर्क नाही असे म्हणता येत नाही. अर्थसंकल्पात भांडवली खर्च, म्हणजे रस्ता, धरण, इमारत अशी टिकाऊ मत्ता निर्माण करणारा खर्च, आणि महसुली खर्च, म्हणजे वेतन, व्याज, अनुदान असा दरवर्षी संपून जाणारा खर्च, असा भेद करतात. कर्ज काढून पहिला खर्च करणे समर्थनीय आणि दुसरा करणे धोक्याचे, हा सर्वमान्य दंडक आहे. परंतु वृत्तपत्रांनी हा दंडक सातत्याने लावला असता तर टोलमाफी व करमाफी ही उदाहरणेही त्याच कसोटीवर नापास झाली असती, आणि कुपोषणग्रस्त पाड्यातील बालकाच्या आहारावरचा खर्च निव्वळ संपून जाणारा आहे काय, हा प्रश्नही उपस्थित झाला असता.

वार्ताहराची बातमी आणि संपादकीय मेज

विशेषण नेमके कोठे जोडले जाते हे समजण्यासाठी वृत्तपत्राची कार्यपद्धती पाहावी लागते. मराठी दैनिकांचा तालुका वार्ताहर हा बहुधा अल्प मानधनावर, दुसरा काही व्यवसाय सांभाळून काम करणारा स्थानिक असतो. दाखल्यांसाठी तहसील कचेरीत लागलेली रांग, बंद पडलेले सर्व्हर, बँकेत आधार जोडले न गेल्यामुळे अडलेले पैसे, भातखरेदी केंद्र वेळेवर न उघडल्याने व्यापाऱ्याला पडत्या भावाने विकलेले भात, अशा नोंदी तो पाठवितो आणि त्या ठाणे आवृत्तीच्या ग्रामीण पानावर छापल्या जातात. मुंबईच्या मुख्य पानावर तोच विषय येतो तेव्हा त्याचा उगम मंत्रालय, विधिमंडळ किंवा पक्ष कार्यालय असतो, आणि तेथे योजनेची चर्चा तिजोरीवरील भार व निवडणुकीतील लाभ या दोन अंगांनी होते. विशेषण या दुसऱ्या ठिकाणी तयार होते. एकाच योजनेविषयी एकाच अंकात दोन पाने दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांची गाठ क्वचितच पडते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या वार्तांकनात ही विभागणी स्पष्ट दिसते. १६ जुलै २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी उत्तर प्रदेशातील जालौन येथील भाषणात ‘रेवडी संस्कृती’वर टीका केल्यानंतर तो शब्द सर्व भाषांतील वृत्तपत्रांत प्रचलित झाला, त्यानंतर दोन वर्षांच्या आत, लोकसभा निवडणुकीतील सत्ताधाऱ्यांच्या पीछेहाटीनंतर, २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात वार्षिक अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची घोषणा झाली, जिचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी रुपये अंदाजण्यात आला. विरोधी महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आणि सत्ताधारी महायुतीने २,१०० रुपयांचे आश्वासन दिल्यावर विशेषण पक्षनिरपेक्ष झाले. शहापूर व मुरबाड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात, तेथे मे २०२४ मधील मतदानातून विरोधी आघाडीचे सुरेश म्हात्रे निवडून आले, तर नोव्हेंबरमध्ये शहापुरातून दौलत दरोडा आणि मुरबाडमधून किसन कथोरे हे महायुतीचे उमेदवार विजयी झाले. राज्यभरच्या निकालाचे स्पष्टीकरण बहुतांशी या एकाच योजनेने देण्यात आले. उमेदवारांचे स्थानिक जाळे, जातींची गणिते, पक्षफुटीनंतरची निष्ठांची फेरजुळणी हे घटक त्यामुळे मागे पडले आणि मतदार स्त्री ही निर्णय घेणारी नागरिक न राहता केवळ लाभ घेणारी म्हणून चित्रित झाली.

याच वार्तांकनात एक महत्त्वाचा प्रश्न दबला. मे २०२५ मध्ये या योजनेच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये आणि सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळविण्यात आल्याचे उघड झाले. आदिवासी उपयोजना, म्हणजे राज्याच्या विकास खर्चापैकी आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवावयाचा हिस्सा, ही व्यवस्था सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३–९४ पासून महाराष्ट्रात नव्या रीतीने राबविली जात आहे आणि आश्रमशाळा, वसतिगृहे, पाड्यांचे रस्ते यांचा खर्च तीतून भागतो. हा निधी आदिवासी स्त्रियांच्याच खात्यात गेला असा खुलासा करता येतो. परंतु शहापूर तालुक्यातील आश्रमशाळेच्या वाट्याचा पैसा मासिक हप्त्यात रूपांतरित करणे योग्य काय, हा प्रश्न लोकानुनय या शब्दाच्या कक्षेत मावत नाही. त्यामुळे ही बातमी मुख्यतः मंत्र्याच्या नाराजीची बातमी म्हणून वाचली गेली. त्याचप्रमाणे, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी स्त्रीला कागदपत्रांअभावी किंवा पुढे आलेल्या ई-केवायसीच्या अटीमुळे हप्ता मिळत नसेल, तर जी योजना सरसकट वाटप म्हणून नावाजली वा निंदली गेली ती सर्वांत गरजूपर्यंत पोहोचत नाही, ही टीका विशेषणाच्या विरुद्ध दिशेने जाणारी असल्यामुळे मुख्य पानावर तिला जागा मिळणे अवघड होते.

समारोप

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तामिळनाडूतील मोफत वस्तूंच्या वाटपासंबंधीच्या खटल्यात जाहीरनाम्यातील अशी आश्वासने हे निवडणूक कायद्यातील भ्रष्ट आचरण ठरत नाही असा निर्णय दिला आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले. म्हणजे कायद्यानेही लोकानुनयाची व्याख्या केली नाही आणि ती जबाबदारी प्रत्यक्षात सार्वजनिक चर्चेवर, पर्यायाने वृत्तपत्रांवर राहिली. ती पार पाडताना वृत्तपत्रांनी तिजोरीच्या मर्यादेची आठवण करून दिली, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते. राज्यावरील कर्ज नऊ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले असताना ती आठवण अनावश्यकही नाही.

परंतु शहापूर–मुरबाडच्या दीड शतकाच्या अनुभवावरून या विशेषणाची मर्यादाही निश्चित करता येते. राबाची डहाळी, सारामाफी, वेठबिगारीतून मुक्तता, रोजगार हमी, वनहक्क या मागण्यांना त्या त्या काळात चिथावणी, दंगल किंवा लोकानुनय यांपैकी कोणते ना कोणते नाव मिळाले वा टळले. त्यांपैकी ज्या कायद्यात उतरल्या त्या सरकारे बदलली तरी मागता आल्या, त्यांच्यासाठी अर्ज करता आला, नकार मिळाल्यास दाद मागता आली. झुणका-भाकर, मोफत वीज, खावटीचे अनुदान यांना असा आधार नव्हता; ती आली तशी गेली आणि जाताना त्यांच्याविषयी कोणाला जाब विचारता आला नाही. लोकानुनय हा शब्द या दोहोंना एका पंक्तीत बसवितो, कारण तो देणाऱ्याच्या हेतूविषयी बोलतो आणि घेणाऱ्याच्या हक्काविषयी मौन बाळगतो. एखाद्या योजनेविषयी लिहिताना ती कायद्याने बांधलेली आहे की मंत्रिमंडळाच्या मर्जीवर चालते, तिचा पैसा कोणत्या शीर्षाखालून काढला आहे, आणि ती ज्यांच्या नावे जाहीर झाली त्यांच्यापैकी कोण तिच्याबाहेर राहिले, या तीन बाबी बातमीत नोंदविल्या गेल्या, तर विशेषण वापरण्याची गरज बहुतेक वेळा उरणार नाही. या तिन्ही बाबींची सामग्री तालुका वार्ताहर ग्रामीण पानासाठी आजही पाठवीतच असतो. ती मुख्य पानावरील राजकीय विश्लेषणापर्यंत पोहोचविणे हे संपादकीय मेजाचे काम आहे.